जड टेबलाखाली न जाणाऱ्या सहा खुर्च्या परत घेण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग, मुंबई

विषय : घरी येऊन मापं घेऊनही टेबलाला न बसणाऱ्या खुर्च्या पाठवल्याबद्दल तक्रार व पूर्ण रकमेच्या परताव्याची मागणी

महोदय,

मे महिन्यात तुमच्या संकेतस्थळावरून आम्ही जेवणाच्या टेबलासाठी सहा खुर्च्या घेतल्या. पावती, तुमच्या प्रतिनिधींनी भरलेला मापांचा फॉर्म आणि फोटो सोबत जोडले आहेत. या सहांपैकी एकही खुर्ची टेबलाखाली सरकत नाही आणि बसल्यावर मांड्या टेबलाच्या खालच्या पट्टीला घासतात. तुमच्या ग्राहक सेवेचं उत्तर असं की मालात दोष नाही, ‘ग्राहकाची पसंती बदलली’ आहे, त्यामुळे खुर्च्या परत घेतल्या तरी वीस टक्के रक्कम कापली जाईल. हे मला मान्य नाही. आमची पसंती बदललेली नाही. जे मागितलं होतं ते तुम्ही दिलेलं नाही, आणि काय मागितलं होतं ते तुमच्याच फॉर्मवर लिहिलेलं आहे.

आधी टेबलाविषयी सांगते, कारण सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो. टेबल माझ्या सासऱ्यांनी करून घेतलेलं आहे. जुन्या पाडलेल्या इमारतींच्या तुळया तेव्हा रे रोडच्या वखारींमध्ये मिळत. त्यातलं बर्मा टीक आणून सुतारानं घरातच बसून ते बनवलं. सहा फूट बाय तीन फुटांची दीड इंच जाड फळी, चार इंच बाय चार इंचांचे चौकोनी पाय, आणि फळीखाली चारी बाजूंनी चार इंच रुंदीची उभी पट्टी. सागवान एका घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतं, त्या हिशेबानं टेबलाचं वजन सत्तर किलोच्या आसपास जातं. ते हलवायला चार माणसं लागतात. पार्ल्याच्या आमच्या हॉलमध्ये त्याची एक आखूड बाजू भिंतीला लागून आहे आणि ते तिथून हलत नाही, हलणारही नाही.

टेबल हलत नाही म्हटल्यावर जी काही सरकवासरकव करायची ती खुर्चीनंच करायची. हलकं टेबल असतं तर आपण त्याला थोडं पुढे ढकलतो, वाकडं करतो, पाहुणे आले की मध्ये ओढतो. इथे तसं काही करता येत नाही. म्हणून जड टेबलासाठी खुर्ची निवडताना पहिला प्रश्न असा हवा की जेवण झाल्यावर ती टेबलाखाली पूर्ण जाते का. मुंबईतल्या घरात तर हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण जेवणाची जागा हीच येण्या-जाण्याची वाट असते.

तुमच्या संकेतस्थळावर ‘टेबलाशी जुळणारी खुर्ची, तज्ज्ञांच्या सल्ल्याने’ अशी सेवा आहे. ती घेतली म्हणून तुमचे प्रतिनिधी घरी आले. वागायला अत्यंत सभ्य होते, त्यांच्याविषयी व्यक्तिशः माझी तक्रार नाही. त्यांनी टेबलाची लांबी, रुंदी आणि उंची टेपनं मोजली : ७२, ३६ आणि ३० इंच. मग रंगांचं कार्ड काढून फळीच्या कडेला लावलं आणि बराच वेळ छटा जुळवण्यात गेला. टेबलाच्या खाली ते वाकले नाहीत. मी स्वतः त्यांना पट्टी दाखवली आणि फॉर्मवरच्या ‘शेरा’ या रकान्यात लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं. फॉर्मच्या प्रतीवर त्यांच्याच अक्षरात आहे : ‘खाली ४ इंच पट्टी. खुर्ची पूर्ण आत गेली पाहिजे.’

त्यानंतर त्यांनी जो सल्ला दिला तो दोन गोष्टींवर उभा होता. एक, जड टेबलाला जडच खुर्ची शोभते. दोन, सीटपासून टेबलाच्या वरच्या कडेपर्यंत दहा ते बारा इंच अंतर असलं की खुर्ची मापात बसते. दोन्ही गोष्टी आमच्या टेबलाला लागू पडत नाहीत.

दुसरी गोष्ट आधी घेते, कारण त्यात नुसती वजाबाकी आहे. तुम्ही पाठवलेल्या खुर्चीची सीट जमिनीपासून १९ इंचांवर आहे. टेबल ३० इंच, म्हणजे वरच्या कडेपर्यंत ११ इंच. नियमात बसतं. पण हा ढोबळ नियम पातळ फळीच्या, पट्टी नसलेल्या टेबलांना चालतो. आमच्या टेबलाची दीड इंच फळी आणि चार इंच पट्टी वजा केली की खाली साडेचोवीस इंच मोकळे उरतात. त्यातून १९ गेले की मांड्यांसाठी राहतात साडेपाच इंच. मोठ्या माणसाला आरामात बसायला आणि पाय थोडे हलवायला किमान सात इंच तरी लागतातच. फोनवर मला सांगण्यात आलं की फोम बसल्यावर दबतो. दबतो हे खरं आहे. माझे यजमान बसलेले असताना मोजलं तर सीट पाऊण इंच खाली गेली. तरीही सव्वासहाच होतात. साडेसतरा इंच सीटची खुर्ची असती तर बरोबर सात इंच मिळाले असते, आणि अशा खुर्च्या तुमच्याच यादीत आहेत.

हातांचंही तेच. तुमच्या खुर्चीचे हात २६ इंच उंचीवर आहेत आणि पट्टीची खालची कड साडेचोवीसवर. दीड इंचाची टक्कर. खुर्ची पुढे ढकलली की हातांची टोकं पट्टीला आदळतात. तिथे टेबलाच्या लाकडावर आता दोन ठिकाणी फिकट चरे उमटले आहेत. त्यांचे फोटो पाठवले आहेत, जवळून पाहावेत. चोवीस इंच खोल खुर्चीतली जेमतेम सात इंच आत जाते, सतरा इंच बाहेर राहते. टेबल आणि शोकेस यांच्यामध्ये आमच्याकडे तीस इंचांची वाट आहे. त्यातले सतरा गेल्यावर तेरा इंचांतून माणूस आडवा होऊनच जातो. हातात आमटीचं पातेलं असेल तर तेही जमत नाही. बिनहाताची खुर्ची पाठीपर्यंत आत जाते, चार-पाच इंचच बाहेर राहते.

पायांमधल्या अंतराचा तर कुणी विचारच केला नाही. लांब बाजूला दोन पायांच्या मध्ये ५८ इंच मोकळे आहेत. तुमची खुर्ची हातांसकट २२ इंच रुंद. तीन खुर्च्यांना ६६ इंच लागतात. म्हणजे त्या बाजूला दोनच बसतात आणि तिसरी पायाला टेकून तिरपी उभी राहते. अठरा इंच रुंदीच्या तीन खुर्च्या चोपन्न इंचांत मावतात. ‘सहा फुटी टेबलाला सहा खुर्च्या’ हा हिशेब फळीवर बरोबर येतो. पायांमध्ये तो येत नाही.

आता ‘जडाला जड’ या सल्ल्याबद्दल. मला वाटतं तुमच्या विक्री विभागानं हा सल्ला देणं खरोखर थांबवावं, कारण तो दिसायलाही चूक आहे आणि वापरायलाही. मुंबईतल्या जुन्या इराणी हॉटेलांत पाहा. संगमरवरी फळीची टेबलं, जागची न हलणारी, आणि त्यांच्याभोवती वाकवलेल्या लाकडाच्या सडपातळ खुर्च्या. पाठ मोकळी, हात नाहीत, एका हातानं उचलून बाजूला ठेवता येतात. पिढ्यान् पिढ्या लोक तिथे ब्रून मस्का खात बसले आणि टेबल-खुर्ची एकमेकांना शोभत नाहीत असं कुणाच्या मनातही आलं नाही. त्या खुर्च्यांचं घराणं वाकवलेल्या लाकडाचं फर्निचर बनवणारे मिखाएल थोनेट यांच्या १८५९ सालच्या १४ नंबरच्या खुर्चीपर्यंत जातं. ती खुर्ची लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट यांवर उभी आहे. जड टेबलाभोवती मोकळ्या पाठीच्या खुर्च्या असल्या की त्यांच्यामधून टेबलाचे पाय दिसतात, उजेड पलीकडे जातो आणि खोलीला श्वास घेता येतो. तुमच्या खुर्च्यांच्या उंच, भरीव, मखमली पाठींनी आमचं टेबल तिन्ही मोकळ्या बाजूंनी झाकून टाकलं आहे. सासऱ्यांनी हौसेनं करून घेतलेली फळी आता खुर्चीत बसल्याशिवाय दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वापराची अडचण त्याहून मोठी आहे. एक खुर्ची तेरा किलोची आहे. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. उठताना त्यांना आधार लागतो, म्हणून त्यांच्यासाठी टेबलाच्या मोकळ्या टोकाला एकच हाताची खुर्ची आणि बाकी पाच बिनहाताच्या, असं मी सुरुवातीलाच सुचवलं होतं. तुमच्या प्रतिनिधींनी ‘सेट एकसारखा दिसला पाहिजे’ असं सांगून सहाही खुर्च्या हाताच्या लिहिल्या. खुर्ची पूर्ण आत जाते ना, असं मी ऑर्डर देण्यापूर्वी पुन्हा विचारलं, तेव्हा ‘जाते, मापं बघूनच दिली आहे’ असं उत्तर मिळालं. आज परिस्थिती अशी आहे की सासूबाईंना बसल्यावर खुर्ची पुढे घेता येत नाही. कुणाला तरी ती मागून ढकलावी लागते. ज्या बाईनं हे घर आयुष्यभर चालवलं तिला जेवायला बसताना हाक मारावी लागते, हे मला पाहवत नाही.

लाकडाबद्दलही लिहिणं भाग आहे. तुमच्या पानावर ‘शिसवी डायनिंग चेअर, सॉलिड वूड’ असं आहे. खुर्ची उलटी करून खालचं काळं कापड सोडवलं तर आत फिकट, पिवळसर पांढरं लाकूड आहे आणि स्क्रूच्या भोकाशी गडद रंगाचा पातळ थर संपलेला दिसतो. विचारल्यावर तुमच्या माणसानं सांगितलं की ते रबरवूड आहे, ‘शिसवी’ हे रंगाचं नाव. रबरवूड वाईट लाकूड नाही. चीक देऊन झालेल्या झाडांचं ते लाकूड नीट प्रक्रिया केली तर खुर्चीला चांगलं चालतं. पण त्यात स्टार्च भरपूर असल्यामुळे प्रक्रियेत कसर राहिली तर कीड आणि बुरशी लवकर धरते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधी कळायला हवी. शिसव म्हणून वाचलं तर शिसवच मिळालं पाहिजे. मखमलीच्या गाद्यांना जुलैतच दमट वास येऊ लागला आहे.

या सगळ्यावर ‘पसंती बदलली’ हे उत्तर कायद्यातही टिकत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे, जाहिरातीत सांगितलेले किंवा ठरलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. खुर्ची पूर्ण आत जाणं हे ठरलेलं होतं, लेखी. त्याच नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवं. माझ्या आधीच्या ईमेलना फक्त आपोआप जाणारी उत्तरं आली, म्हणून हे पत्र थेट तुमच्या नावे पाठवत आहे. महिन्याभरात निर्णय झाला नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि नंतर वांद्र्याच्या मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मला राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. ती वेळ येऊ नये अशी माझी खरोखर इच्छा आहे.

माझी मागणी अशी. सहाही खुर्च्या तुमच्या खर्चानं परत न्याव्यात आणि पावतीवरची पूर्ण रक्कम, काहीही न कापता, परत करावी. किंवा त्याऐवजी तुमच्याच यादीतल्या वेताच्या सीटच्या, मोकळ्या पाठीच्या पाच बिनहाताच्या खुर्च्या आणि त्याच जातीची एक हाताची खुर्ची द्यावी. सीट साडेसतरा इंचांपेक्षा उंच नको आणि बिनहाताची रुंदी अठरा इंचांच्या आत हवी. किमतीतला फरक परत करावा. टेबलाच्या पट्टीवरचे चरे घासून पॉलिश करून देण्याचा खर्चही तुमचा असावा. पॉलिशवाला आमचा ओळखीचा आहे, त्याचं कोटेशन पाठवते.

आणखी एक विनंती आहे, आणि ती फक्त आमच्यासाठी नाही. तुमच्या पानावर खुर्चीची एकूण उंची, रुंदी आणि खोली दिलेली असते. सीटची उंची आणि हातांची उंची बहुतेक खुर्च्यांना दिलेली नसते. ती द्या. आणि घरी येणाऱ्या प्रतिनिधींच्या फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवा : जमिनीपासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर, आणि दोन पायांमधलं अंतर. या शहरात वाडवडिलांची जड टेबलं छोट्या घरांत सांभाळणारी असंख्य कुटुंबं आहेत. ती टेबल बदलणार नाहीत. त्यांना खुर्चीच नेमकी मिळायला हवी.

खुर्च्या न्यायला माणसं पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी कळवा. सोसायटीत सामान खाली न्यायचं असेल तर सेक्रेटरींची लेखी परवानगी लागते आणि दुपारी दोन ते चार लिफ्ट बंद असते. मूळ खोकी मी ठेवलेली आहेत.

आपली,
एक ग्राहक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई