मुलींची फी माफ झाली, आता भरतीचंही बघा

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची इंजिनीअरिंगची फी माफ झाली. उत्तम झालं. मी मेकॅनिकल शिकवते आणि विभागाचं प्लेसमेंटही बघते, म्हणून त्यापुढचं आपल्या कानावर घालते.

कॅम्पसचा हंगाम आला की एचआरचा मेसेज येतो: ग्रॅज्युएट ट्रेनी, प्रॉडक्शन आणि मेंटेनन्स, साठ टक्के, बॅकलॉग नको. शेवटची ओळ, ‘ओन्ली मेल’, म्हणजे फक्त मुलगे. वर्गात पहिली आलेली मुलगी तिथेच बाद. फोन केला की ठरलेलं उत्तर, “मॅडम, शॉपफ्लोअर आहे, तीन शिफ्ट आहेत.”

१९७४ साली टेल्कोच्या (म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या) जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, आणि सुधा कुलकर्णींनी (म्हणजे आताच्या सुधा मूर्तींनी) थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं. तेव्हा निदान छापील पुरावा तरी होता. आता सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर उरकतं, आणि कंपनी रुसेल या धास्तीने कॉलेजं गप्प बसतात. त्याच टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात आज हॅरिअर-सफारी गाड्यांची लाइन बायका चालवतात, तेव्हा झेपण्या-न झेपण्याचं कुणी सांगू नये.

कायदा आड येतो म्हणावं, तर १९७६ च्या समान वेतन कायद्यातच भरतीत भेदभावाला मनाई होती; त्याच्या जागी आलेल्या वेतन संहितेतही आहे. रात्रपाळीला महाराष्ट्राने २०१५ मध्येच मुभा दिली, सुरक्षिततेची आणि ने-आणीची सोय करा एवढंच म्हटलं. घोडं पेंड खातं ते खर्चापाशी. बस, चेंजिंग रूम, कामाच्या जागेजवळ स्वच्छतागृह. शिवाय ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) मर्यादेपलीकडे पगार असला की २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेचा सगळा भार मालकावर. हा हिशेब मुलाखतीच्या आधीच झालेला असतो. माझी एक विद्यार्थिनी लागली एका कारखान्यात, तर स्टोअरमध्ये तिच्या मापाचे सेफ्टी शूजच नव्हते. मोठ्या बुटात मोजे कोंबून ती लाइनवर उभी राहायची.

प्लेसमेंटचा मेसेज हीसुद्धा भरतीची जाहिरातच, असं परिपत्रक काढा. कॉलेजचं नाव न फुटता तक्रार करता यावी. आणि प्रसूती रजेच्या पगारात सरकारने वाटा उचलावा. त्याशिवाय बाकीचं कागदावरच राहील असं मला वाटतं.

आमच्याकडे ऑगस्टपासून कंपन्या यायला लागतात. परिपत्रक त्याआधी निघालं तर या वर्षीच्या मुलींना उपयोग होईल.

आपली,
इंजिनीअरिंग कॉलेजातली एक प्राध्यापिका, पुणे