गालांवरची लाली पुन्हा रंगवली नाहीत, त्याबद्दल

दिवाणखान्यातल्या बाईसाहेबांचं तैलचित्र ज्यांच्या हातून गेलं त्या कलासंवर्धक ताईंना,

सप्रेम नमस्कार.

चित्र परत भिंतीवर चढलं. सगळे तपकिरी समजत होते तो रेशमी झगा मुळात राखाडी-निळा निघाला, आणि बघणाऱ्यांची नजर आधी तिथेच जाते. आमचे आभार मात्र जास्त करून तुम्ही जे करायचं टाळलंत त्याचे आहेत.

गाल पांढुरके दिसतात, जरा लाली आणा, हा हट्ट आमचाच. तुम्ही चौकट उतरवून शालीची कड दाखवलीत. चौकटीच्या ओठाखाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर पट्टीला उजेड कधी लागलाच नव्हता, तिथला गुलाबी अजून ताजा होता. कोचिनील किड्यापासून केलेला लाल रंग पातळ थरात उजेडाने उडतो, खालचा शिशाचा सफेदा तेवढा उरतो. १८व्या शतकातले इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यांच्या काही चित्रांतले चेहरे तर त्यांच्या हयातीतच फिके पडले. म्हणजे बाईसाहेबांच्या गालांवरचा रंग मळाखाली दडलेला नव्हता, तो गेलेलाच होता. कितीही पुसलं तरी येणार नव्हता, आणि नवा लावला तर तो तुमचा झाला असता, चित्रकाराचा नव्हे.

सफाईतही तीच सबुरी. अतिनील दिव्याखाली जुनं वॉर्निश हिरवट चमकलं, गळ्यापाशी मात्र काळे ठिपके: नंतर कुणीतरी केलेली रंगदुरुस्ती. वरची काजळी निघाली ती चक्क लाळेने ओल्या केलेल्या कापसाच्या बोळ्याने. (ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, पण लाळेतली विकरं खरोखर मळ सोडवतात.) द्रावक लावायचं ते आधी नखाएवढ्या जागेत. बोळा घासायचा नाही, लोळवायचा, मळला की टाकायचा. केसांच्या सावलीत तुम्ही वॉर्निशचा पातळ थर मुद्दाम राहू दिलात, कारण काळ्या-तपकिरी रंगांत तेल जास्त असतं आणि ते द्रावकाला लवकर मऊ पडतात. पाव, कांदा, बटाटा चोळून चित्र उजळवणाऱ्यांनी हे एकदा बघायला हवं.

पोपडे उडालेल्या जागी खडू-जिलेटिनची लांबी (पुट्टी) भरलीत, नेमकी खड्ड्यापुरती. रंग नव्या वॉर्निशवर लावलात, उद्या सौम्य द्रावकाने मूळ थराला धक्का न लागता निघेल असा.

टांगण्याच्या सूचना पाळतो आहोत. शेकोटीच्या वरची जागा सोडली. खालच्या कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावले, त्यामुळे भिंतीच्या ओलीपासून अंतर राहतं. उजेड २०० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आत, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. आकड्यापेक्षा चढउतार वाईट, हे आता पटलं: सरस लावलेला कॅनव्हास हवेबरोबर ताणतो-सैलावतो, वाळून कडक झालेल्या रंगाला ते झेपत नाही आणि तडे जातात. कॅनव्हास ताणून धरणाऱ्या कोपऱ्यातल्या पाचरींना हातोडी लावत नाही. त्या दोऱ्याने बांधून दिल्यात हे बरं केलंत. एखादी निसटून कॅनव्हास आणि मागच्या लाकडी पट्टीच्या मध्ये पडली की पुढून फुगवटा येतो.

कुठे काय वापरलं ती नोंद मागच्या फळीवर पाकिटात आहे. गुलाबी पट्टी चौकटीखाली पुन्हा झाकली गेली, तिचा फोटो त्याच पाकिटात ठेवला आहे.

आपले कृतज्ञ,
चित्राची देखभाल करणारे