शाल-श्रीफळ नको, मैदानावर या

महोदय,

माझा पुतण्या यंदा पुण्यातल्या एका हॉकी संघात दाखल झाला. सोलापुरात मुरमाच्या मैदानावर वाढलेलं पोर. खेळाआधी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, पाणी मारतात, याचंच त्याला नवल! पहिला आठवडाभर चेंडू स्टिकखालून निसटत राहिला. मुरमावर चेंडू उड्या मारत येतो, ओल्या टर्फवर सुळकन घसरतो. तिथं कमरेत जास्त वाकावं लागतं. हे त्याला संघातल्या एका जुन्या फुल बॅकनं, म्हणजे बचावपटूनं, सराव संपल्यावर थांबून दाखवलं, वर आपले टर्फचे जुने बूटही दिले. बदल्यात कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा फस्त केला, तो भाग वेगळा.

टोकियो आणि पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकलेले गोलरक्षक श्रीजेश २०२४ मध्ये निवृत्त झाले आणि लगेच ज्युनियर संघाचे प्रशिक्षक झाले. आपल्याकडे मात्र नव्या पोराला आठवडाभर नुसते चेंडू गोळा करायला लावणारे सीनियर मी पाहिलेत. खरं सांगायचं तर त्यातला एक मीही होतो.

२९ ऑगस्टला, ध्यानचंद यांच्या जयंतीला, क्रीडा दिन असतो. त्या दिवशी आम्हा माजी खेळाडूंना व्यासपीठावर बसवून शाल-श्रीफळ देतात. यंदा संयोजकांनी तो खर्च वाचवावा आणि प्रत्येकाकडे दोन-दोन नवी मुलं सोपवावीत. गुडघे कुरकुरतील, पण स्टिक अजून घरात आहे.

– एक माजी हॉकीपटू, सोलापूर