बाबा, भिंतीवरच्या रेघेवर विसंबू नका

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आज मृग लागला. पुण्यात सकाळपासून नुसतंच झाकोळलंय, पण आई म्हणाली की तिकडे चिपळूणला काल रात्रीच पागोळ्या गळायला लागल्या. फोनवर पुराचा विषय काढला की बाबा लगेच "जेवलीस का?" विचारतात, म्हणून लिहायला बसले.

बाबा, २००५ च्या २६ जुलैला पाणी दाराच्या कडीपर्यंत आलं होतं. तुम्ही तिथे लाल ऑइलपेंटची रेघ मारलीत आणि पुढची सोळा वर्षं घरातल्या वस्तूंची जागा त्या रेघेवरून ठरली. पत्रिका, जमिनीचे कागद, आईच्या पैठणीची ट्रंक, सगळं रेघेच्या वरच्या फळीवर. २२ जुलै २०२१ ला पहाटे मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "अजून रेघेला चार बोटं बाकी आहेत." त्यानंतर तुमचा आवाज ऐकला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कुणाच्या तरी मोबाइलवरून. मधले छत्तीस तास मी टीव्हीसमोर होते. आपल्या स्टँडवरच्या एसट्या टपापर्यंत बुडालेल्या दिसत होत्या. पोटमाळा जमिनीपासून किती उंच आहे, हे मला काही केल्या आठवत नव्हतं. ज्या घरात लहानाची मोठी झाले, त्या घराचा माळा मी रात्रभर मनातल्या मनात मोजत होते.

आता तुम्ही म्हणता, गाळ काढलाय, पात्र मोकळं झालंय. खरं आहे. चिपळूणच्या लोकांनी उपोषणाला बसून ते काम करून घेतलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण वाशिष्ठी नदीला पाणी येतं कुठून, ते तुम्हीच मला शिकवलंत ना? घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस उतारावरून काही तासांत खाली येतो. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून कोळकेवाडीत येतं आणि तिथून वाशिष्ठीत. खाली दाभोळच्या खाडीतून भरती थेट गोवळकोटपर्यंत चढते. भरतीची वेळ तर तुम्ही मला बोटांवर मोजायला शिकवलीत: तिथीची पाऊणपट. त्या दिवशी त्रयोदशी होती, म्हणजे साधारण पावणेदहा. पुनवेचं उधाण दोन दिवसांवर. वरून लोंढा आणि खालून भरती, मग शहरातलं पाणी जाणार कुठे? महाबळेश्वरात २२ च्या सकाळपासून २३ च्या सकाळपर्यंत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हवामान खात्याच्या प्रतवारीत सगळ्यात वरची पायरी २४ तासांत २०४.४ च्या पुढे सुरू होते. यातलं काहीच गाळ काढल्याने बदललेलं नाही, बाबा.

म्हणून माझं एकच मागणं आहे. आपल्या अंगणात पाऊस किती आहे, ते पाहून ठरवू नका. रत्नागिरी जिल्ह्याला रेड अलर्ट लागला, घाटात जोर असल्याचं कळलं आणि अमावास्या-पौर्णिमा जवळ असली की दिवसाउजेडी घर सोडा. पाणी पेठमापात शिरल्यावर नाही, नगरपालिकेचा भोंगा वाजेपर्यंत थांबूनही नाही. संध्याकाळचा चहा घ्या, मेन स्विच बंद करा, सिलिंडरचा रेग्युलेटर काढा आणि आत्याकडे जा. पाणी आलं नाही तर सकाळी परत या. चार वेळा उगाच गेलात तरी मला चालेल, आणि शेजाऱ्यांना काय वाटेल हा विचार आईने करू नये. रात्री पाण्यातून मात्र अजिबात निघू नका. गुडघ्याएवढं वाहतं पाणीही धडधाकट माणसाला आडवं करतं, आणि गटाराची झाकणं उघडी असली तर दिसत नाहीत. तशीच वेळ आली तर वर माळ्यावर जा आणि ११२ ला फोन करा.

आई, बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या एका पिशवीत बांधून ठेव. गेल्या वेळी गोळ्या खालच्या फडताळात राहिल्या होत्या. आणि पूर ओसरल्यावर अनवाणी चिखल काढायला उतरू नकोस. तुझ्या पायाच्या भेगांमधून लेप्टोचे जंतू शिरायला वेळ लागत नाही.

बाबा, वाचन मंदिरातल्या भिजून लगदा झालेल्या पुस्तकांसमोर तुम्ही उभे होतात, तो फोटो माझ्याकडे आहे. १८६४ पासूनचं वाचनालय. स्वतःच्या घरातल्या चिखलाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नव्हतात, तिथे मात्र रडलात. वस्तू गेल्याचं दुःख तुम्हाला कळतं, म्हणूनच तुम्ही घर राखायला मागे राहता, हे मला समजतं. पण ती ट्रंक मी आत्ताच पुण्याला घेऊन येते. पुढच्या शनिवारी गाडी घेऊन येतेच आहे. कागदपत्रंही आणीन. मग तुम्हाला राखायला मागे काही उरणार नाही.

आत्याने मागची खोली रिकामी केली आहे. तिच्याकडे तुमच्यासाठी दोन साड्या, लेंगे, टॉर्च आणि रेडिओ ठेवून येऊ. २०२१ मध्ये बाबांचा चष्मा वाहून गेला आणि तीन आठवडे पेपर वाचता आला नाही, म्हणून नव्या नंबरची दुसरी जोडी करायला टाकली आहे. ती आत्याकडेच राहील. फ्रेम काळीच सांगितली आहे, तपकिरी हवी असेल तर गुरुवारपर्यंत कळवा.

तुमची,
मनू