सुभेदारकाका, गाडी लेहला होती आणि तुम्ही दांडिया बाजारात

ती. सुभेदारकाका,
शि. सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. दुसरं कारण असं की हल्ली आपल्या बडोद्यातूनही लोक कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी घेऊन लडाख-स्पितीला जायला लागलेत, आणि गोठणाऱ्या थंडीत उभ्या गाडीचं काय होतं हे इथे कुणाला माहीत असायचं काही कारणच नाही. पारा दहाच्या आसपास आला की आपण शेव-उसळीवर जरा जास्त तर्री मागून घेतो, झाला थंडीचा बंदोबस्त.

ऑक्टोबर संपत आला होता. आम्ही दोघं लेहमध्ये, आणि इकडे सासूबाई घरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मिळेल त्या विमानाने आम्ही दिल्ली गाठली आणि तिथून घर. गाडी चांगस्पाच्या होमस्टेच्या अंगणात होती तशीच राहिली, टाकीत पाणी, गिझर भरलेला, फ्रिजमध्ये दही. सासूबाईंचं ऑपरेशन होऊन त्या चहासाठी कुरकुर करायला लागल्या, तेव्हा कुठे ह्यांना गाडी आठवली. तोवर मनालीचा रस्ता बंद होण्याच्या बेतात होता आणि गाडी खाली आणून द्यायला ड्रायव्हर मिळेना. म्हणजे मुक्काम आता उन्हाळ्यापर्यंत तिथेच. लेहची जानेवारीतली रात्र उणे पंधरा-वीस अंशांची असते.

गाडी ज्यांनी बांधून दिली त्यांना फोन केला. "मॅडम, पाइप प्लास्टिकचे आहेत, ताणले जातात, काही होत नाही." ह्यांचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला.

त्याच संध्याकाळी तुम्ही आणि काकू सासूबाईंना बघायला आलात. मी बोलता बोलता गाडीचं काढलं. तुम्ही म्हणालात, "टाकीचा कॉक कोणीही उघडेल. पंपाच्या डोक्यात पाणी राहिलंय त्याचं काय?" आणि खुर्ची पुढे ओढलीत. फतेगंजच्या लष्करी ई.एम.ई. स्कूलमध्ये तुम्ही शिकलात आणि नंतर शिकवलंत, एवढं मला माहीत होतं. मधली वर्षं लडाखमध्ये, वर्कशॉपच्या टिनाच्या शेडमध्ये गेली, हे तेव्हा कळलं. त्या काळी सकाळी गाडी सुरू करायला ऑइल पॅनखाली स्टोव्ह पेटवून ठेवायचे, हेही.

पाइप ताणला जातो हे खरं, असं तुम्हीच आधी मान्य केलंत. पण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि जिथे ताणायला जागा नाही तिथे ते फोडतं: पंपाचं डोकं, फिल्टरची वाटी, नळाच्या आतलं कार्ट्रिज, गिझरचा व्हॉल्व्ह, पाइपाचे जोड. शिवाय फुटलेलं हिवाळ्यात दिसत नाही, कारण बर्फच बूच होऊन बसतो. उन्हाळ्यात पाणी भरलं की मग फरशीखालून ओल यायला लागते. लोक एवढी घबराट करतात थंडीची, तुमचं म्हणणं होतं की थंडीचं काही नाही, राहिलेल्या पाण्याचं बघा. गाडीचा आराखडा मागितलात. तो कुणी दिलेलाच नव्हता. मग मी आठवून कागदावर नळ काढले आणि तुम्ही त्यावर लाल पेनाने गोल केलेत. तो कागद अजून आहे माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी होमस्टेच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तुम्ही "जुले" म्हणालात तेव्हा त्याची आई मागून हसत पुढे आली, आणि पुढचा अर्धा वेळ तुमची न् त्यांची १९८० च्या दशकातल्या लेहवर चर्चा. मी घड्याळाकडे बघतेय, पलीकडे रेंज जातेय-येतेय. पण त्या गप्पांमुळेच ते पोर नंतर तुम्ही सांगाल तसं निमूटपणे गाडीखाली सरपटलं, हे मला उशिरा उमगलं.

आधी गिझरचा करंट बंद, पाणी निवेपर्यंत थांबायचं. मग गरम पाण्याचा नळ उघडून हवा आत घ्यायची आणि तेव्हाच खालचा कॉक सोडायचा. नुसता कॉक सोडला तर पाणी अर्धवटच उतरतं, कारण वरून हवा नाही. गिझरच्या बटणावर चिकटपट्टी लावून "रिकामा है" असं त्याच्याकडून लिहून घेतलंत, नाहीतर उन्हाळ्यात कुणीतरी कोरडाच चालू करून कॉइल जाळेल. नंतर पंप काही सेकंद चालवायचा, पाणी थांबलं की लगेच बंद. फिल्टरची वाटी हाताने फिरवून काढली तर आत पाणी काठोकाठ होतं. टाकी रिकामी, नळ कोरडे आणि तिथे पेलाभर पाणी! तुम्ही माझ्याकडे बघितलंत, बोलला नाहीत काही.

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणवलात. तीस पी.एस.आय.च्या वर जायचं नाही, एका वेळी एकच नळ उघडा, लांबचा आधी. नळातून फुर्र फुर्र करत उरलेलं पाणी उडायला लागलं तसा तो मुलगा हसायला लागला, आणि तुम्ही म्हणालात, "हँसो मत, गरम वाला भी खोलो." मिक्सर नळाच्या दोन्ही बाजू, शॉवर, कॅसेट टॉयलेटचा फ्लश, सगळं झालं. शॉवरची नळी खाली लोंबती ठेवली आणि नळ तसेच उघडे.

सिंकखालच्या पी-ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या पाइपमधलं पाणी मात्र हवेनेही जात नाही, ते तिथे असायलाच हवं असतं. अमेरिका-कॅनडात अशा गाड्यांच्या ट्रॅपमध्ये आणि नळांत गुलाबी रंगाचं प्रॉपिलीन ग्लायकॉल ओततात, ते खास त्यासाठीच मिळतं. ह्यांनी सुचवलं, मग रेडिएटरचं कूलंट का नको? तुम्ही असे काही कडाडलात की आतून सासूबाईंनी विचारलं, काय झालं. कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष; पिण्याच्या पाण्याच्या वाटेवर त्याचा थेंबही नको. सरळ ट्रॅप खोलून पुसून घ्या, म्हणालात.

रेडिएटरचा विषय तुमच्याशिवाय कुणालाच सुचला नसता. निघण्याआधी आपल्याकडच्या कुठल्या गॅरेजने त्यात साधं पाणी तर टॉप-अप केलं नाही ना? अर्धं कूलंट अर्धं पाणी असेल तर ते उणे ३७ पर्यंत गोठत नाही, पण आपले लोक उन्हाळ्यात बिनधास्त नळाचं पाणी ओततात आणि मिश्रण पातळ होत जातं. ते गोठलं तर इंजिनचा ब्लॉकच जातो, आणि त्यापुढे नळ म्हणजे किस झाडकी पत्ती. लेहच्या मेकॅनिकने हायड्रोमीटरने, म्हणजे घनता मोजायच्या नळीने तपासलं. पातळच निघालं. बदलून घेतलं.

बाकीचं भराभर झालं. हँडब्रेक सोडून गाडी गिअरमध्ये, चाकांना दगड. विंडशील्डच्या पाण्याची बाटली रिकामी. डिझेल तिथल्याच पंपावरचं आणि टाकी भरलेली. २०१९ पासून इंडियन ऑइलचं हिवाळी डिझेल लडाखमध्ये मिळतं, उणे ३३ पर्यंत वाहतं राहतं, ते कौतुक तुम्ही दोनदा सांगितलंत. ताडपत्री अंगाला घट्ट आवळायची नाही, वारा खेळला पाहिजे. डाळ-तांदूळ बाहेर, उंदरांसाठी. दह्याचं काय झालं ते विचारायला नको.

बॅटऱ्यांवर मात्र तुमचा आणि ह्यांचा वाद झाला. छतावर सोलर आहे, लेहला ऊन चिक्कार, बॅटरी आपोआप भरलेली राहील, असं हे म्हणत होते. तुमचं म्हणणं, गाडीतल्या दिव्या-पंपाची बॅटरी लिथियमची, ती शून्याखाली चार्ज केली की आतून कायमची बिघडते. लख्ख ऊन आणि गारठलेली बॅटरी हीच वाईट जोडी. बॅटरी सांभाळणारं सर्किट, बी.एम.एस., असतं ना, हे म्हणाले. तुम्ही म्हणालात, असेल, पण त्याच्या भरवशावर मी उणे वीसमध्ये बसणार नाही. सोलरची तार सोडली. इंजिनची लेड-ॲसिडवाली पूर्ण चार्ज करून काढली, कारण भरलेली बॅटरी उणे चाळीसलाही गोठत नाही, उतरलेली मात्र उणे दहाच्या आसपासच फुटू शकते. दोन्ही होमस्टेच्या घरात नेल्या, बुखारीपासून, म्हणजे तिथल्या शेगडीपासून लांब. ह्यांना ते तेव्हा पटलं नव्हतं. आता हेच सगळ्यांना पढवतात.

जूनमध्ये आम्ही गेलो. तुम्ही बजावल्याप्रमाणे टाकी भरलीच नाही, बादलीभर पाणी घातलं आणि पंप लावला. नळ भरले, पंप थांबला, आणि थांबलेलाच राहिला. मधेच पुन्हा टकटक झाली असती तर कुठेतरी गळतंय असं समजायचं होतं. झाली नाही. फक्त मागच्या दाराजवळचा पाय धुवायचा छोटा नळ तोटीशी चिरला होता, तो उघडल्यावरच गळायचा. माझ्या कागदावर तो नव्हता, गाडीच्या कागदांवरही नव्हता, तुम्हाला दिसणार कुठून? तुम्हाला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "शेवटी राहिलाच एक." दोन दिवस तुम्ही त्या नळावरून नाराज होतात असं काकू सांगत होत्या. अहो काका, सगळ्यांतून राहिलेला एकच नळ तो!

त्या मुलाला आम्ही पैसे दिले, त्याने आधी नाही म्हटलं, मग आईकडे बघून घेतले. तुम्हाला काय द्यायचं? पाकीट पुढे केलं तेव्हा तुम्ही काकूंना हाक मारून "हिला चहा कर" म्हणालात. त्याच्या आईने तुमच्यासाठी जर्दाळू दिलेत, वाळवलेले, बियांसकट. पिशवी काकूंकडे दिली आहे, तुमच्या साखरेचा हिशेब त्या ठेवतील.

पुढच्या जूनला आम्ही स्पितीला निघतोय. ड्रायव्हरशेजारची सीट तुमची, मागची काकूंची. तारखा ठरवायच्या आहेत, तेव्हा काकूंना विचारून एवढ्या आठवड्यात कळवा. आणि येताना लाल पेन घेऊन या, मागच्या दाराचा नळ कागदावर काढायचा राहिलाय.

तुमची,
शेजारची सूनबाई