सोन्याचा दात

नाशिक,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय प्राचे,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे. चार महिने झाले. तुझे दोन फोन चुकवले, मेसेजला नुसता अंगठा दाखवला. तब्येत बरी आहे. आईचा गुडघा जैसे थे, बाबा शुगर असून जिलबी चोरून खातात. झालं.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या वर्षाचा तो आश्रमशाळेतला दातांचा सर्व्हे आठवतो? नाही म्हणालीस तर खोटं बोलतेस. पाऊस सुरू झाला, ड्रायव्हरकाकांनी घाई केली, अठ्ठावीस पोरं तपासायची राहिली आणि आपण गंगापूर रोडला मिसळ खात त्यांचे फॉर्म भरले. डीएमएफटी! किडलेले, पडलेले, भरलेले, प्रत्येकाला अंदाजपंचे दोन-तीन. सोनाली म्हणाली, सगळ्यांना सारखे नको, संशय येईल. तू चिडून एकाला सोन्याचा दात दिलास, मी तो खोडला. तू म्हणालीस मॅडमना सांगू, मी म्हणाले गप्प बस. पुढे पंधरा दिवस अबोला. तर्री तू माझ्या ड्रेसवर मुद्दाम सांडलीस हे माझं मत आजही कायम आहे.

ते आठवायचं कारण सांगते. एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या मास्टर्सला, इंटर्नशिप करावीच लागते. मी सहा आठवड्यांची घेतली, आरोग्य तंत्रज्ञान धोरण या विषयात. आई शेजारी 'कॉम्प्युटरचं काहीतरी' म्हणून सांगते. दात सोडून ही काय करते, हा काकूंचा प्रश्न. खरं सांगू, पहिले तीन आठवडे मलाही तोच पडला होता. इंटर्न म्हणजे स्लाइडचे फॉन्ट सारखे करणारी बाई. टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांचा गोषवारा मी काढला. त्यावर तारीख 25 मार्च 2020, म्हणजे लॉकडाऊनचा पहिलाच दिवस. त्या दिवशी आपण हॉस्टेलमधून बॅगा घेऊन पळत होतो आणि दिल्लीत कुणीतरी डॉक्टरने व्हिडिओ कॉलवर कुठली औषधं लिहून द्यावीत, याच्या याद्या जाहीर करत होतं. मला हे फार आवडलं. वाचायला लागल्यावर कळतं, अशा कागदांवर किती गोष्टी अवलंबून असतात.

मग आला आभा. प्रत्येकाच्या आरोग्य नोंदींसाठीचा चौदा आकडी ओळख नंबर, सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा. 2021 च्या सप्टेंबरपासून देशभर चालू आहे. धोरण ऐच्छिक. नंबर नाही म्हणून उपचार नाकारायचे नाहीत. 2023 चा डेटा संरक्षण कायदा तर आणखी गोड, संमती कशी हवी तर मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध. हे पाच शब्द मी कपाटावर चिकटवले होते. आई म्हणाली, लग्नाच्या अटी का?

फील्डला तीन दिवस मला पेठकडच्या एका आरोग्य केंद्रात पाठवलं. सावळघाटात एसटीने माझ्या पोटाचं जे केलं ते जाऊ दे. व्हरांड्यात एक टेबल, टेबलामागे कंत्राटी ऑपरेटर, वय आपल्याएवढं, अमोल म्हण. समोर आजीबाई, हातात आधार कार्ड, मोबाइल नाही. नंबर मुलाचा, मुलगा पिंपळगावला द्राक्षाच्या बागेत. अमोलने त्याला फोन लावला, स्पीकरवर. 'ओटीपी सांग रे.' मागे फवारणीच्या ट्रॅक्टरचा आवाज. पोरगा एकेक आकडा ओरडून सांगतोय आणि आजी मान डोलावतेय, जणू नातवाचा निकाल ऐकतेय. स्क्रीनवर संमतीचा मजकूर आला, अमोलचा अंगठा त्यावर कधी पडला ते मलाही दिसलं नाही. मी आजीला विचारलं, हे कशाला काढताय? म्हणाली, 'खोकल्याचं औषध मिळाया.'

ते औषध शेजारच्या खिडकीत नंबराशिवायही मिळत होतं गं.

कायद्यात अशीही सोय आहे की संमतीआधीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे. त्यात मराठी आहे, कोंकणीही आहे. पण ती कोंकणी गोव्याकडची. आजी बोलत होती ती पेठची कोकणा बोली, ती यादीत कुठे? आणि लिहून दिली तरी वाचणार कोण?

मी सगळं उतरवलं. ओटीपी कुणाच्या फोनवर गेला, मजकूर कुणी वाचून दाखवला, माणूस काय समजून बसलाय. रिपोर्टच्या मसुद्यात माझं पान गायब, त्या जागी एक ओळ: 'लाभार्थ्यांना माहिती देऊन संमती घेण्यात आली.' खाली नावांत माझं नाव. इंटर्नशिपचे सर वाईट नाहीत. म्हणाले, एक केंद्र, तीन दिवस, यावरून धोरणावर बोलता येत नाही. ते बरोबर आहे, मीही हेच म्हटलं असतं. पण मग ती ओळ तरी कुठल्या केंद्रावरून आली? हे मी तोंडावर विचारलं नाही. तू विचारलं असतंस.

बरं, भांडून पान परत घातलं तर? त्या केंद्रात ऑपरेटर एकच. नाव नाही लिहिलं तरी चौकशी त्याच्याच टेबलाशी येणार. त्याच्यावर रोजच्या आकड्याचं ओझं, नेट जातं-येतं, पगार दोन महिने उशिरा. संमती नीट समजावून घ्यायची तर एका माणसाला दहा मिनिटं, आणि रांग गेटपर्यंत. चूक ज्यांनी आकडा ठरवला त्यांची, कापला जाणार हा. आणि गप्प बसले तर मी पुन्हा मिसळीच्या टेबलावर. फरक एवढाच की तेव्हा खोटं मी लिहिलं होतं, आता नुसती सही करायची आहे.

सरांनी मधला मार्ग म्हणून तळटीप सुचवलीय. तळटीप कोण वाचतं? तू मात्र पुस्तकातल्या सगळ्या वाचायचीस, आणि परीक्षेला त्याच यायच्या म्हणून मिरवायचीस. माझा पर्याय असा: केंद्राचं नाव, तालुका, तारीख सगळं काढायचं, रोजचं उद्दिष्ट किती आणि एका माणसाला मिळणारा वेळ किती एवढंच मजकुरात ठेवायचं. म्हणजे बोट टेबलाकडे न जाता आकड्याकडे जाईल. जाईल ना? की मी स्वतःलाच फसवतेय? सोबत दोन परिच्छेद पाठवतेय. उद्या संध्याकाळी पाचला मसुदा जातो.

तुझं काय? डेंटल चेअर आली का? कर्जाचा पहिला हप्ता गेला? साताऱ्याचे लोक दात दाखवायला येतात की नुसते भाव विचारून जातात? निनादला विचारलंय म्हणून सांग. लग्नाची तारीख ठरली की मला आधी, सोनालीला नंतर.

एक राहिलंच. निघताना अमोलने नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी बांधून दिली, त्याच्या आईच्या स्टीलच्या डब्यात. डबा घासून ओट्यावर पालथा घातलाय. झाकणावर तिचं नाव कोरलेलं आहे, तेव्हा परत द्यावाच लागेल. बुधवारी जाईन म्हणते. त्याआधी फोन कर, आणि 'तुझं तू ठरव' म्हणू नकोस.

तुझीच,
गौरी