धामापूरच्या पाटकरी काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या पाचवीच्या मुलांना तुम्ही मालवण तालुक्यातल्या धामापूर तलावाचा पाट हिंडवून दाखवलात, त्याबद्दल तेव्हा घाईघाईत नुसते हात जोडले गेले, म्हणून हे पत्र.

खरे तर आम्ही आधी एका कार्यालयात रीतसर विनंती केली होती. तिथून ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ याखेरीज उत्तर मिळाले नाही. नंतर एक जाणकार गृहस्थ आले. त्यांनी भगवती मंदिराजवळ मुलांना रांगेत उभे करून विजयनगरच्या राजवटीत, 1530 साली, नागेश देसाई यांनी हा तलाव बांधला, 2020 साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला, एवढे सांगितले, फोटो काढले आणि ते निघून गेले. माहिती खरी होती, पण मुलांनी ती वहीत उतरवली आणि वही मिटली.

तुम्ही मात्र त्यांना थेट पाटात उतरवलेत. बांधाला पाझर कुठून लागतो हे दाखवताना कुर्लीचे, म्हणजे खेकड्याचे, बीळ हाताने चाचपून, आधी कुर्ली अलगद बाहेर काढून पलीकडे सोडलीत आणि मगच चिखलाचा गोळा आत दाबलात. केवड्याची मुळे काठची माती कशी धरून ठेवतात, आज हवेत भिरभिरणाऱ्या चतुराचे बालपण पाण्यात कसे गेलेले असते, हे मुलांनी तिथेच वाकून पाहिले. इतक्या जुन्या तलावाचे पाणी आजही वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर पाण्यावर घेतल्या जाणाऱ्या, भाताला मिळते ते वर्षानुवर्षे कोणीतरी असा पाट साफ करत आला म्हणून, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नाही.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती एकच गोष्ट. वर्गात कधी तोंड न उघडणारी आमची एक मुलगी मागे उभी होती. पाण्याची पाळी बदलायची वेळ झाली तेव्हा तुम्ही खोरे तिच्या हाती दिलेत. तिने पाटाचे पाणी अडवणारे मातीचे दार बांधले, ते एका बाजूने फुटले. पुढच्या कुणग्याचे, म्हणजे भातखाचराचे, मालक चुळबुळत होते, पाळी त्यांची होती, तरी तुम्ही खोरे परत घेतले नाहीत. ‘थांब रे, शिकांदे तिका’ (शिकू दे तिला), एवढेच म्हणालात आणि पाणी कुठून निसटते आहे ते तिचे तिला दिसेपर्यंत हात मागे बांधून उभे राहिलात. दुसऱ्या खेपेला दार धरले. त्या शेतकरीदादांचेही आभार मानायला हवेत, कारण त्यांनीच पहिल्यांदा टाळी वाजवली. पद, मानधन, छायाचित्र यांतले काहीही न मागता परक्याच्या लेकरासाठी असा वेळ काढणारी माणसे आपल्या गावांत अजून आहेत, आणि आम्ही मात्र शिफारसपत्रे घेऊन भलत्याच दारांत ताटकळत होतो.

मुलांनी पाटाचा मोठा नकाशा काढला आहे. त्यात दोन दारे उलट्या काठाला दाखवली गेली असावीत, अशी मला शंका आहे. येत्या रविवारी तो घेऊन येते. तेवढा तपासून द्यावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
पाचवीच्या वर्गाची बाई